लाल लेबलाचं पुस्तक

शुक्रवार, दुपार

प्रिय एंजेला,

माझं अक्षर पाहून कोण गेलं ते तू आधी शोधलं असशील. आपल्या वयाला हातानं लिहिलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याचीच बातमी. तसं नाही, निदान माझ्या बाबतीत नाही. मी जिवंत आहे. तूही आहेस, हे तू रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर वचन टाकून पाठवतेस त्यावरून कळतं. मी त्याला कधी उत्तर दिलं नाही आणि तू कधी रागावली नाहीस, हा तुझा मोठेपणा. पण या वेळचं मोबाईलवर लिहिण्यासारखं नाही. मोबाईलवरचं कुणीही वाचतं, आणि सध्या आमच्या गावात वाचनाची गोडी नको तिथं वाढली आहे.

वाचनालय बंद आहे, म्हणून कामाच्या दिवशी भर दुपारी घरात बसून लिहायला मला वेळ आहे. ते का बंद आहे ते पुढं येईल. आधी मुख्य गोष्ट सांगते, नाहीतर माझ्या बोलण्याला नेहमीसारखे फाटे फुटतील. रामहरीची धाकटी मुलगी ज्ञानेश्वरी, तिचं परवा रविवारी लग्न आहे. नवरा मुलगा म्हणजे तिच्या मेलेल्या बहिणीचा नवरा. तिला हे लग्न करायचं नाही आणि ते होऊ नये अशी माझी इच्छा आहे. माझ्या इच्छेची गावात काय किंमत आहे तेही पुढं येईलच.

तू गाव सोडलंस तेव्हा वाचनालय सोसायटीच्या खताच्या गोदामावर होतं. पुस्तक उघडलं की युरियाचा वास यायचा. आता ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीचा वरचा मजला मिळालाय. फरशी आहे, पंखे आहेत, भिंतीवर अध्यक्ष आप्पासाहेबांचा हात जोडलेला फोटो आहे. पुस्तकं मात्र तीच. दोन मोठी कपाटं, एकात कथा-कादंबरी, दुसऱ्यात विज्ञान. बाकी किरकोळ माल: शेती, धार्मिक, आणि पुढाऱ्यांनी स्वतःवर लिहवून घेतलेली चरित्रं, जी कुणी चोरूनसुद्धा नेत नाही. विज्ञानाचं कपाट वर्षानुवर्षं उघडलं गेलं नव्हतं. अनुदानासाठी घ्यावी लागतात म्हणून घेतलेली पुस्तकं ती. तारे, अणू, मुंग्या, मेंदू, रक्त. चांगली पुस्तकं गं, सोप्या मराठीत, जीव ओतून लिहिलेली. लिहिणाऱ्यांना वाटलं असेल की खेड्यातली पोरं यातून जग पाहतील. पोरं मोबाईल पाहत होती. कादंबऱ्या तेवढ्या शिवण उसवेपर्यंत वाचल्या जायच्या, आणि वाचायच्या त्या मुली.

पण मुलींना कादंबरी घरी न्यायची सोय नव्हती. इथल्या बापांचा पक्का सिद्धांत आहे की कादंबरी वाचली की मुलगी पळून जाते. आजवर पळून गेलेल्या एकीनंही माझ्याकडून कधी कादंबरी नेली नव्हती. हे मी दाखवून दिलं तर म्हणतात, ‘बाई, तुमी लगीन केलं न्हाई, तुमाला काय म्हाईत.’ एका आईनं वाचनालयाची कादंबरी बंबात घातली आणि वर त्याच पाण्यानं न्हाली. अभ्यासाचं पुस्तक मात्र चालायचं. विज्ञान म्हणजे अभ्यास, बारावी सायन्स म्हणजे जरा बरं स्थळ, एवढं गणित सगळ्यांना येतं.

आमच्याकडं प्रत्येक पुस्तकाला मी खाकी कागदाचं कव्हर घालते आणि पाठीवर लेबल चिकटवते. कादंबरीला लाल, विज्ञानाला निळं. पुस्तकाचं नाव आत, पहिल्या पानावर. गावातला कुठलाच बाप पहिल्या पानापर्यंत पोचलेला नाही. लाल की निळं एवढं पाहायचं, सिग्नलसारखं, आणि हो किंवा नाही म्हणायचं. मग मी काय केलं असेल ते तुला सांगायला नको. कणकेची खळ शिजवली आणि चांगल्या चांगल्या कादंबऱ्यांना निळी लेबलं लावून टाकली.

अडचण होती मोजणीची. आमची कमिटी दर मार्चला पुस्तकं मोजते. वाचत नाही, मोजते. लाल इतकी, निळी इतकी, सही. त्यामुळं जेवढ्या कादंबऱ्या निळ्या झाल्या तेवढीच विज्ञानाची पुस्तकं लाल करावी लागली. काही वर्षांत कपाटांची अदलाबदल पुरी झाली. मुली निळं न्यायच्या, घरी बापासमोर बसून वाचायच्या, कांदा चिरताना आठवून रडायच्या आणि परत आणून द्यायच्या. लाल कपाटाला उरली निवृत्त मंडळी. आपल्याला गणित शिकवणारे रंगनाथ गुरुजी, आता नव्वदीकडं निघालेत, त्यांनी ऑक्टोपसवरचं पुस्तक कादंबरी म्हणून नेलं. शेवटपर्यंत वाचलं. परत देताना म्हणाले, ‘नायक झकास उभा केलाय, पण नायिका फार उशिरा येते.’

गेल्या वर्षी तपासणीचे साहेब आले आणि थक्क झाले. एवढं विज्ञान आपण कुठल्याच गावात वाचलं जाताना पाहिलं नाही, म्हणाले, आणि तेही मुलींकडून. आप्पासाहेबांचा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. माइक हातात आल्यावर ते म्हणाले, ‘आमच्या गावच्या लेकी कादंबरीला शिवत न्हाईत.’ मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं.

रामहरीची थोरली मनकर्णा ही माझी सगळ्यात पक्की वाचक. घरी जाईपर्यंत धीर धरवत नसे, रस्त्यातच पुस्तक उघडायची, एकदा म्हशीला धडकली. अठरा पूर्ण झाली आणि लग्न झालं. आता इकडं सगळे कायदा पाळतात. अठरावा वाढदिवस केक कापून करतात, फोटो स्टेटसला ठेवतात म्हणजे पुरावा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना बोलावतात. नेवाशाकडच्या एका वस्तीवर दिली. नवरा वाईट नाही. वाईट असता तर हे पत्र लिहायला सोपं गेलं असतं.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती पाय सुजलेली, तोंड सुजलेली. बायका म्हणाल्या, पोरीनं अंग धरलं, सासर मानवलं. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. मग दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी झटके आले. दातखीळ बसली, डोळे फिरले. घरानं ठरवलं की हे बाहेरचं आहे. गाडी आधी भगताकडं गेली. त्यानं लिंबू उतरवलं, अंगारा लावला, आणखी झटके आले. मग दवाखाना, मग तिथून पुढचा दवाखाना, मग त्याच्याहून मोठा. मूल वाचलं. मुलगा आहे. मनकर्णा गेली. तू वॉर्डात अशा किती पाहिल्या असशील, तुला तर पहिल्या ओळीलाच कळलं असेल काय झालं होतं ते. गावाला कळलं नाही. गाव अजून, जिथं तिला धरलं असं भगतानं सांगितलं, त्या चिंचेखालून जाताना पोटुशी बाईच्या हातात लोखंडाचा तुकडा देतं.

आमच्या वाचनालयाची एक रीत आहे, तू असताना नव्हती. सभासद वारला की दहाव्याला मी पिशवी घेऊन जाते आणि त्याच्याकडची पुस्तकं घेऊन येते. उशीर केला की ती पाहुण्यारावळ्यांबरोबर निघून जातात. नदीकाठी पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या चाललेल्या असतात, माणसं कावळ्याची वाट पाहत असतात, आणि बाजूला मी पिशवी धरून. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मनकर्णाच्या दहाव्याला आप्पासाहेब बोलले की मरण कुणाच्या हातात नसतं. बोलून झाल्यावर घड्याळ बघून दुसऱ्या दहाव्याला गेले. तिच्या आईनं, लंकाबाईनं, दोन निळी पुस्तकं आणून माझ्या पिशवीत टाकली. त्यातल्या एकाचं पान दुमडलेलं होतं, शेवटाच्या अलीकडं. ती गोष्ट कशी संपते ते मनकर्णाला कळायचं राहिलं.

त्यानंतर ज्ञानेश्वरी यायला लागली. बारावीला होती, सोनईच्या कॉलेजात एसटीनं जा-ये करायची, घरी आली की बहिणीचं तान्हं मूल कडेवर. पहिल्या दिवशी तिनं निळं पुस्तक नेलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून आपटलं. ‘बाई, यात तर गोष्टच हाय.’ मी म्हटलं, हळू बोल, गोष्टच असते, म्हणून तर नेतात. ‘मला गोष्ट नको. मला खरं विज्ञान पाहिजे.’ एंजेला, इतक्या वर्षांत ही पहिली. सगळ्या मुलींसाठी मी सोय करून ठेवली होती, हिच्यासाठी सोडून. कशाबद्दलचं पाहिजे, मी विचारलं. ती म्हणाली, ‘ताई कशानं गेली त्याबद्दल.’

होतं तसं पुस्तक. एका डॉक्टरबाईनं लिहिलेलं, गर्भारपणावरचं, आकृत्यांसकट. अर्थात लाल कपाटात. मी म्हटलं, याचं लेबल बदलावं लागेल, खळ शिजवते, सोमवारी ये. ‘मंग इथंच वाचते,’ म्हणून ती बाकावर बसली. मी पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, तरी बसलेलीच. मग मान वर करून म्हणाली, ‘बाई, एवढंच हुतं?’ मला वाटलं पुस्तक संपलं. ती म्हणाली, ‘पाय सुजले, डोकं दुखलं की रक्तदाब मोजायचा. वाढला की दवाखान्यात ठेवायचं, सुई द्यायची. एवढंच हुतं?’ जेमतेम एक पान होतं ते. तिनं पुस्तक ओढणीत गुंडाळलं आणि म्हणाली, ‘आईला दावायचंय.’ मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही, आणि मी दारात आडवी झाले नाही. आईला एक पान दाखवू पाहणाऱ्या मुलीला कुठल्या नियमानं अडवायचं ते आमच्या नियमावलीत नाही.

पुस्तक सापडलं तिच्या भावाला, करणला. बहिणीवर लक्ष ठेवणं हा सध्या त्याचा उद्योग आहे, दुसरा मिळेपर्यंत. गव्हाच्या कोठीमागं पुस्तक, पाठीवर लाल लेबल. निळं असतं तर त्यानं उघडलंही नसतं. लाल म्हणून उघडलं, आणि आत बाईच्या पोटाच्या, ओटीपोटाच्या आकृत्या. शाळेच्या पुस्तकात याहून कमी नाहीत, पण तो धडा आला की मास्तर ‘घरी वाचा’ म्हणतात आणि पुढच्या धड्यावर जातात. अभ्यासाच्या पुस्तकात असतं ते चित्र, आणि कादंबरीत असतं ते घाण. पोरगी रात्रंदिवस असलं वाचते, आणि तेही बहिणीचं वर्ष झालं नसताना, असं करणनं चारचौघांत सांगितलं. घरातली अब्रू सांभाळायची त्याची पद्धत.

रामहरी माझ्याकडं आला तेव्हा ओरडला नाही. ओरडणारा माणूस परवडतो. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, ‘बाई, एक पोरगी मी घालवली. दुसरी तुमी घालवताय.’ मी म्हटलं, रामहरी, हे विज्ञानाचं आहे, डॉक्टरनं लिहिलंय, मनकर्णाला जे झालं तेच यात आहे. ‘लेबल कुनाचं हाय?’ तो म्हणाला. ‘तुमचंच ना? तुमीच म्हनायचं कादंबरी, आन् तुमीच म्हनायचं न्हाई.’ समोरच्या बाकावर चार-पाच मुली बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर निळं पुस्तक. सगळ्या माझ्याकडं पाहत होत्या. एकीनं आपलं पुस्तक हळूच ओढणीखाली घेतलं. खरं सांगितलं असतं तर ज्ञानेश्वरी सुटली असती आणि या सगळ्या अडकल्या असत्या. मी म्हटलं, लेबल चुकून लागलं असेल. ‘बरं चुकलं,’ तो म्हणाला, ‘कळलं तरी.’

त्याच आठवड्यात ज्ञानेश्वरीचा फोन काढून घेतला. पुढच्या शिक्षणाचे फॉर्म भरायचे होते, ते राहिले. मनकर्णाच्या सासरहून निरोप आला की लेकराला आई पाहिजे, परकी आणण्यापेक्षा मावशी बरी. हे आधीपासून शिजत असणार, त्या लेबलानं फक्त जाळ वाढवला. मी आप्पासाहेबांकडं गेले. त्यांनी चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाले, ‘हेलनबाई, मग त्या लेकराचं कोन बघनार? तुमी?’ टेबलावर लग्नपत्रिकेचा नमुना पडला होता. आशीर्वाद देणाऱ्यांत पहिलं नाव त्यांचंच.

मग मी खरं सांगायचं ठरवलं. मुलींचा त्यात जीव अडकला होता म्हणून आधी त्यांना विचारलं. वाटलं होतं रडतील, हातापाया पडतील. त्यातली सगळ्यात भित्री, भीमा, जी पुस्तक परत देतानासुद्धा इकडंतिकडं बघते, ती म्हणाली, ‘सांगा बाई. पुस्तक काय, गेलं तर गेलं. आमी टीव्ही बघू.’ बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या मुलींनी माझ्या कपाटातून काय वाचलं असेल ते असो, तेवढं तरी त्यांना वाचून आलं असेल असं समजायला मला आवडेल.

रामहरीच्या ओट्यावर तेव्हा याद्या चालल्या होत्या, दोन्हीकडची माणसं बसली होती. मी सगळ्यांदेखत सांगितलं. निळ्याच्या आत कादंबऱ्या आहेत, लालच्या आत विज्ञान. तुमच्या पोरीनं गावात एकटीनं खरं विज्ञान मागितलं, आणि शिक्षा तिलाच झाली. करण हसला. पाहुण्यांनी खाली पाहिलं. रामहरीनं हातातली यादी खाली ठेवली, आणि मला वाटलं, पटलं. मग त्यानं एकच विचारलं. ‘मंग मनकर्णा काय वाचायची?’

ती माझ्याकडून काय न्यायची ते त्याला माहीत होतं. ओट्यावर त्याच्या समोर बसूनच वाचायची ती. तो अभिमानानं सांगायचा, मनकर्णा लई अभ्यास करती. ‘म्हंजे मोठी बी फसवून गेली,’ तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही, असंच. एंजेला, ज्ञानेश्वरी निर्दोष आहे हे त्याला त्या क्षणी कळलं, याबद्दल मला शंका नाही. पण ते कळवायला मी त्याच्या मेलेल्या लेकीचा वापर केला, आणि तो तिला दुसऱ्यांदा जाताना बघत होता. असा माणूस कुणाला काही माफ करत नाही. तारीख पुढल्या महिन्यातली होती, ती या रविवारवर आली.

वाचनालयाचं सांगायचं राहिलं. कमिटीची तातडीची बैठक झाली, मी राजीनामा दिला, त्यांनी तो मी द्यायच्या आधीच मंजूर करून ठेवला होता. कादंबऱ्या वेगळ्या काढून रद्दीत द्यायच्या असं ठरलं. मग लक्षात आलं की कुठली कादंबरी आणि कुठलं विज्ञान हे वाचल्याशिवाय कळत नाही, आणि वाचायची कुणाचीच तयारी नाही. शेवटी सगळ्यालाच कुलूप लावलं. तारे, ऑक्टोपस, नायिका, सगळे एका किल्लीत. मुलींच्या घरी जे व्हायचं ते झालं. भीमाच्या आईनं तिची वेणी धरून मला दाखवायला माझ्या दारापर्यंत आणली. आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालंच की बाई चर्चला जाते, तेव्हा काय अपेक्षा ठेवायची. आपल्या पणज्यांपासून आपण या गावात आहोत, माझ्या बापानं यांच्या बापांना मुळाक्षरं गिरवायला शिकवली. ते असो. तुला हे नवीन नाही.

काल दुपारी लंकाबाई आली. बाळ कडेवर, डोक्यावर पदर, मागच्या दारानं. खुर्चीवर बस म्हटलं तर उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, ‘बाई, ते पान तिनं मला वाचून दावलं हुतं.’ करणच्या हाती पुस्तक लागायच्या आधीच. ‘पाय सुजल्याचं. मीच म्हनले हुते मनकर्णाला, अंग धरलंस गं बाई. मीच तिला मीठ-भाकर करून घालत हुते, तिला आवडती म्हनून. भगताकडं चला म्हननारी बी मीच.’ मी म्हटलं, लंकाबाई, तुला काय माहीत होतं. ‘न्हवतं म्हाईत,’ ती म्हणाली. ‘आता हाय ना.’ रडली नाही. बाळ माझ्या चष्म्याला हात घालत होतं, तिनं त्याचा हात सोडवला आणि म्हणाली, ‘ह्याला मी हाय. मी काय मेले न्हाई अजून. ह्याच्यापायी दुसरी न्हाई देनार.’ मी विचारलं, रामहरीशी बोललीस का. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली. मग म्हणाली, ‘तुमची कोन मैतरीन हाय ना नगरला, नर्सांना शिकवनारी?’

एंजेला, पाकीट उलटंसुलटं करून बघ, त्यावर तिकीट नाही. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. शिंप्याकडून ब्लाऊज आणायचे म्हणून लंकाबाई तिला शनिवारी सकाळी सोनईला नेणार, आणि नगरच्या एसटीत एकटीला बसवून, ब्लाऊज घेऊन, घरी परत जाणार. पुढं घरात तिचं काय होईल ते तिनं मला विचारू दिलं नाही. मी बरोबर येत नाही, कारण मी गावात दिसले नाही तर त्यांना लगेच कळेल. उद्या दिवसभर मी ओट्यावर तांदूळ निवडत बसणार आहे, सगळ्यांना दिसेन अशी, आणि विचारायला ते आधी माझ्याकडंच येतील. येऊ देत. ती सज्ञान आहे, कागदपत्रं तिच्या पिशवीत आहेत, कुणी चौकीवर नेलं तर तिनं स्वतःच्या तोंडानं बोलायचं असं लंकाबाईकडून तिला सांगितलंय आणि ती बोलेल. तिला नर्स कर असं मी म्हणत नाही, ते तिचं ती ठरवेल. आधी तिला आत घे. सकाळपासून तिनं खाल्लेलं नसेल, खाल्लंय म्हणून सांगेल. हातात हिरवा चुडा असेल, आज सकाळीच भरलाय. तो फोडायला सांगू नकोस आणि काही दिवस त्याबद्दल बोलूही नकोस. आणि बाळाबद्दल ती चकार शब्द काढणार नाही, पण पहाटे त्याच्या दुधाच्या वेळेला जागी होईल, तेव्हा तू जवळ असलीस तर बरं. तुझी सवय मला माहीत आहे, हातातलं वाचून संपल्याशिवाय तू डोळे वर करत नाहीस. इतका वेळ ती तुझ्या दारात उभी आहे. आता वर बघ.

तुझीच,
हेलन